पगाराच्या स्लिपवरून आपला पीएफ स्वतः कसा मोजायचा

आमच्या बिल्डिंगमधल्या एक ताई पॅकिंगच्या कामाला जातात. परवा संध्याकाळी त्या प्लास्टिकची पिशवी घेऊन घरी आल्या. पिशवीत आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि चार घड्या घातलेली पगाराची स्लिप. "दादा, माझे पंधराशे एक्केचाळीस कापतात. कंपनीनेही तेवढेच टाकायचे असतात ना? मग मोबाइलवर कंपनीचे चारशे एक्काहत्तरच का दिसतात?" कंपनी दर महिन्याला आपले हजारभर रुपये गिळते, अशी त्यांची समजूत झाली होती आणि महिनाभर ती गोष्ट त्या मनात घेऊन फिरत होत्या.

पेन्सिल घेऊन बसलो आणि पंधरा मिनिटांत हिशेब लागला. पैसे जागेवर होते, फक्त पासबुकातला तिसरा रकाना त्यांनी पाहिला नव्हता. पण स्लिप घेऊन विचारायला आल्या हे त्यांनी फार चांगलं केलं. पीएफ कापला जातो हे सगळ्यांना माहीत असतं, किती कापायला हवा हे मात्र फार थोडे जण मोजून बघतात. गणित सातवीच्या शेकडेवारीपलीकडचं नाही. टक्के काढताना सहसा कोणी चुकत नाही. घोळ होतो तो टक्के कोणत्या रकमेवर काढायचे यात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी : पीएफचा पगार शोधा

स्लिपवरचा एकूण पगार म्हणजे पीएफचा पगार नव्हे आणि हातात येणारी रक्कम तर नव्हेच. बेसिक आणि महागाई भत्ता म्हणजे डीए, या दोन ओळींची बेरीज करा. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम आणि बोनस यांवर पीएफ लागत नाही. ताईंच्या स्लिपवर बेसिक 9,200 आणि डीए 3,640 होता, म्हणजे त्यांचा पीएफचा पगार 12,840.

जवळच ईएसआय आणि पीटी अशाही कपातीच्या ओळी असतात, त्यांची यात सरमिसळ करू नका. ईएसआय म्हणजे कामगारांच्या विम्याची कपात, ती एकूण पगारावर पाऊण टक्का असते आणि पीटी म्हणजे राज्य सरकारचा व्यवसाय कर. त्या दोन्हींचा पीएफशी संबंध नाही.

आता ज्या ओळीवर सगळ्यात जास्त नजर ठेवायची ती सांगतो. काही स्लिपांवर बेसिक मुद्दाम लहान ठेवलेला असतो आणि बाकीची रक्कम "स्पेशल अलाउन्स" किंवा "इतर भत्ता" या नावाखाली दाखवलेली असते. समजा बेसिक 10,000 आहे आणि स्पेशल अलाउन्स 4,000. नुसत्या बेसिकवर धरला तर पीएफ 1,200 होतो, दोन्ही मिळून 14,000 वर धरला तर 1,680. फरक 480 चा. तेवढाच फरक कंपनीच्या वाट्यातही पडतो, म्हणजे महिन्याला 960 आणि वर्षाला 11,520 रुपये तुमच्या नावावर कमी जमा होतात. 28 फेब्रुवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट सांगितलं आहे : जो भत्ता सगळ्या कामगारांना सरसकट आणि नेहमी मिळतो, जादा कामाशी किंवा खास परिस्थितीशी ज्याचा संबंध नाही, तो बेसिकमध्येच धरायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांचा रोखही तोच आहे. वेतनातून वगळलेले भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनात मिळवायचा. तेव्हा स्पेशल अलाउन्सची ओळ मोठी दिसली तर ऑफिसात जाऊन विचारा. विचारण्यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

मात्र ज्यांचा बेसिक आधीच 15,000 किंवा त्याहून जास्त आहे, त्यांच्या बाबतीत कंपनीवरची सक्ती 15,000 पर्यंतचीच असते. ही मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची आहे, त्याआधी ती 6,500 होती.

दुसरी पायरी : आपला वाटा

पीएफच्या पगाराचे 12 टक्के. ताईंच्या बाबतीत 12,840 चे 12 टक्के म्हणजे 1,540.80. पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणून 1,541. विडी, वीटभट्टी, ज्यूट, काथ्या अशा काही उद्योगांत हा दर 10 टक्के आहे. तिथे काम करत असाल तर पुढच्या गणितातही बारा ऐवजी दहा धरा.

तिसरी पायरी : कंपनीचा वाटा कुठे जातो

कंपनीही 12 टक्केच भरते, पण त्या पैशाला दोन वाटा फुटतात. पगाराचे 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले तुमच्या पीएफ खात्यात. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, ताईंचाही इथेच झाला होता.

आधी पेन्शनचे काढा : 12,840 चे 8.33 टक्के म्हणजे 1,069.57, पूर्ण रुपयात 1,070. मग कंपनीच्या 1,541 मधून ते वजा करा. उरले 471. पासबुकात ताईंच्या नावापुढे असेच तीन आकडे होते : कर्मचाऱ्याचा वाटा 1,541, कंपनीचा वाटा 471, पेन्शन 1,070. शेवटचे दोन मिळवले की 1,541 होतात. ही बेरीज त्यांनी स्वतः केली, पेन्सिल खाली ठेवली आणि मग पाणी मागितलं.

कंपनीला याखेरीज अर्धा टक्का विम्यासाठी आणि अर्धा टक्का प्रशासकीय खर्चासाठी भरावा लागतो. ते तुमच्या खात्यात दिसत नाहीत आणि तुमच्या पगारातून कापायचेही नसतात. तरी या विम्याची माहिती घरी सांगून ठेवा : नोकरीत असताना सदस्याचं निधन झालं तर वारसांना 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. खात्यावर वारसाचं नाव लावलेलं असलं की ती मिळवणं सोपं जातं. ते नसेल तर आजच लावा, ऑनलाइन होतं.

पगार पंधरा हजारांच्या वर असेल तर

इथे गणित थोडं वळण घेतं, म्हणून जरा सावकाश वाचा. पेन्शनचे 8.33 टक्के जास्तीत जास्त 15,000 वर काढतात, म्हणजे ते 1,250 च्या वर जात नाहीत. समजा बेसिक आणि डीए मिळून 28,000 आहेत आणि कंपनी पूर्ण पगारावर पीएफ भरते. तुमचा वाटा 3,360. कंपनीचाही 3,360. त्यातले 1,250 पेन्शनला, उरलेले 2,110 तुमच्या पीएफ खात्यात.

"कंपनीचे 3.67 टक्के" हा आकडा अनेकांनी पाठ केलेला असतो. ते 28,000 चे 3.67 टक्के काढतात, उत्तर 1,028 येतं आणि पासबुकात 2,110 पाहून ते बुचकळ्यात पडतात. 3.67 हा आकडा पगार 15,000 पर्यंत असेल तोवरच जुळतो. त्यामुळे तो पाठ करू नका. आधी पेन्शन काढा आणि मग बारा टक्क्यांतून वजा करा, ही रीत कुठेही चुकत नाही.

काही कंपन्या पगार कितीही असला तरी 15,000 वरच पीएफ भरतात, आणि कायद्याने त्यांना तशी मुभा आहे. तेव्हा आकडे ठरलेले असतात : तुमचे 1,800, कंपनीचे 550, पेन्शन 1,250.

आणखी एक प्रकार आहे. ज्यांची पीएफची पहिलीच नोंद 1 सप्टेंबर 2014 किंवा त्यानंतर झाली आणि तेव्हाच पीएफचा पगार 15,000 च्या वर होता, ते पेन्शन योजनेत येत नाहीत. त्यांचे कंपनीकडचे पूर्ण 12 टक्के पीएफ खात्यातच जमा होतात. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर बहुधा कारण हेच. वयाची 58 वर्षं पूर्ण झाली की पेन्शनची रक्कम जाणं थांबतं आणि तीही पीएफमध्येच येते.

महिना पूर्ण भरला नसेल तर

बिनपगारी रजा झाली की पीएफही त्या प्रमाणात कमी होतो, कारण तो प्रत्यक्ष मिळालेल्या पगारावर असतो. तीस दिवसांच्या महिन्यात ताईंच्या चार रजा बिनपगारी झाल्या असं धरू. 12,840 ला 30 ने भागून 26 ने गुणलं की 11,128 येतात. त्याचे 12 टक्के 1,335. पेन्शनचे 927. कंपनीचे उरलेले 408. काही कारखान्यांत महिना 26 दिवसांचा धरतात, तिथे भागाकार तसा करा.

पासबुकाशी ताळा

आता उमंग या सरकारी ॲपवर किंवा ईपीएफओच्या, म्हणजे पीएफचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर बारा आकडी यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक टाकून पासबुक उघडा. स्मार्टफोन नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजने येते. 7738299899 वर एसएमएस पाठवूनही ती कळते. मेसेजच्या शेवटी इंग्रजीतली एम, ए, आर ही तीन अक्षरं लावली की उत्तर मराठीत येतं. आईवडिलांच्या फोनवर हे एकदा करून द्या, त्यांना फार बरं वाटतं.

ताळा करताना महिन्याचा घोटाळा टाळा. एप्रिलच्या पगाराचा पीएफ कंपनीने 15 मेपर्यंत भरायचा असतो. म्हणून स्लिपवरचा एप्रिल पासबुकातल्या एप्रिलच्या वेतन महिन्याशीच लावा, पैसे जमा झाल्याच्या तारखेशी नको.

व्याजही तपासता येतं. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी दर 8.25 टक्के होता, म्हणजे महिन्याला 0.6875 टक्के. व्याज दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात पण जमा वर्षअखेरीला करतात, आणि एखाद्या महिन्यात जमा झालेल्या रकमेवर ते पुढच्या महिन्यापासून धरतात. ताईंचंच उदाहरण घेऊ. 1 एप्रिलला खात्यात 1,00,000 होते आणि दर महिन्याला 1,541 अधिक 471, म्हणजे 2,012 जमा झाले. जुन्या लाखावर व्याज 8,250. एप्रिलमध्ये आलेल्या 2,012 वर अकरा महिने व्याज मिळतं, मेमध्ये आलेल्यांवर दहा, असं उतरत जात मार्चच्या हप्त्यावर शून्य. सगळे महिने मिळून 66 होतात. 2,012 गुणिले 66 गुणिले 0.6875 टक्के बरोबर 913. एकूण व्याज 9,163 आणि वर्षअखेरची शिल्लक 1,33,307. पेन्शनच्या रकान्यावर व्याज नसतं. ती रक्कम तुमच्या नावे साठत नाही, पेन्शन ठरते ती नोकरीची वर्षं आणि पगार यांवरून.

आकडा जुळला नाही तर

दोन-चार रुपयांचा फरक पूर्ण रुपये धरण्यामुळे पडतो, तो सोडून द्या. पण महिनाच दिसत नसेल किंवा रक्कम ठळकपणे कमी असेल, तर आधी कंपनीच्या पगार विभागाला लेखी विचारा. व्हॉट्सॲप नको. ईमेल करा, किंवा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर मिळालं नाही तर ईपीएफओच्या ऑनलाइन तक्रार कक्षात तक्रार नोंदवता येते. शिवाय दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत "निधी आपके निकट" शिबिर भरतं, तिथे कागद घेऊन समोरासमोर बसता येतं. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा गुन्हा आहे, त्यामुळे विचारताना आवाज खाली ठेवायची गरज नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत सात महिने पीएफ कापला गेला आणि खात्यात चारच महिने आले. हे मला कळलं नोकरी सोडल्यावर, आणि तोवर स्लिपा मी फेकून दिल्या होत्या. उरलेल्या तीन महिन्यांसाठी बँकेची स्टेटमेंट काढत, हजेरीच्या नोंदी मागत वर्षभर खेटे घातले. त्यातला एक महिना शेवटपर्यंत मिळाला नाही. म्हणून पगाराची प्रत्येक स्लिप, कागदाची असो की पीडीएफ, वर्षवार लावून ठेवा. ताईंना मी एक जुनी फाइल दिली. एप्रिलची स्लिप त्यांनी घड्या उलगडून, हाताने सपाट करून सगळ्यात वर लावली आणि पेन्सिलने कोपऱ्यात लिहिलं : 1,541, 471, 1,070, जुळलं.