गेमिंग लॅपटॉपची साफसफाई: या चुका टाळा

लॅपटॉप किती दिवसांनी साफ करावा, या प्रश्नाला बहुतेकांना महिन्यांत मोजलेले उत्तर हवे असते आणि पहिली चूक तिथेच होते. घरात पाळीव प्राणी असतील, खिडकी रहदारीच्या रस्त्याकडे उघडत असेल किंवा लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला जात असेल, तर दोन-तीन महिन्यांतच पंखे धुळीने माखतात. उलट स्वच्छ खोलीत, टेबलावरच वापरला जाणारा लॅपटॉप वर्षभरही तक्रार न करता चालू शकतो. म्हणून लॅपटॉप नवा किंवा नुकताच साफ केलेला असताना एखादा जड गेम ठरावीक सेटिंगवर अर्धा तास खेळून प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपचे तापमान व वेग यांची नोंद करून ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी, खोलीतील उष्मा साधारण तेवढाच असताना, तीच चाचणी पुन्हा घ्यावी.

मात्र केवळ तापमानाच्या आकड्यावर विसंबणे हीही चूकच आहे. अनेक प्रोसेसर 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात, त्यामुळे धूळ साचलेल्या लॅपटॉपमध्येही आकडा पूर्वीइतकाच दिसू शकतो. अशा वेळी खरी खूण वेगात सापडते: तापमान तेच, पण प्रोसेसरचा वेग घटलेला आणि पंख्यांचा आवाज वाढलेला असेल, तर आतील हवेची वाट अडली आहे असे समजावे.

ही वाट नेमकी कुठे अडते, हे लक्षात न घेतल्याने बरीच मेहनत वाया जाते. खालच्या जाळीवरची धूळ पुसली की काम झाले असे वाटते. पण पंखा आणि तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांचा हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा भाग) यांच्यामधल्या फटीत धुळीचा नमद्यासारखा थर बसतो आणि तो बाहेरून दिसतच नाही. बाहेरून हवा मारल्यास हा थर कधी पात्यांत अधिक घट्ट रुततो, तर कधी सुटून पंख्यात अडकतो. वॉरंटीच्या अटी पाहून खालचे झाकण उघडणे आणि तो थर मऊ ब्रशने किंवा चिमट्याने अलगद काढणे, हाच खात्रीचा उपाय होय. झाकण उघडताच बॅटरीची जोडणी काढावी. स्क्रू अनेकदा वेगवेगळ्या लांबीचे असतात, तेव्हा ते ज्या जागेवरून काढले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू आवळल्यास वरचे आवरण फुटू शकते.

दाबाने हवा फवारणारा डबा वापरताना पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने धरून ठेवावे. पंखा भरधाव फिरताना पाहून समाधान वाटते खरे, पण त्याने बेअरिंगवर ताण येतो आणि फिरणारी मोटर वीजही निर्माण करते, जी सर्किटला इजा करू शकते. डबा उभाच धरावा, कारण तो तिरपा झाल्यास आतील अतिथंड द्रव सर्किटवर उडतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर स्थिर विजेच्या धोक्यामुळे आत वापरूच नये.

प्रत्येक साफसफाईत थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणारा मधला लेप, बदलण्याचा उत्साहही आवरावा. पंखे आणि हीटसिंक स्वच्छ असूनही वेग घटतच असेल, तरच पेस्टकडे वळावे. साधारणपणे ही वेळ दोन-तीन वर्षांनी येते. जुनी पेस्ट पुसायला 90 टक्के किंवा अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. काही लॅपटॉपांत पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. तो वीजवाहक आहे आणि त्यातील गॅलियम अॅल्युमिनियमला खातो, म्हणून तिथे स्वतः हात घालू नये. मेमरी चिपवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलावे लागलेच, तर मूळच्याच जाडीचे घ्यावेत, नाहीतर हीटसिंक मुख्य चिपवर नीट टेकत नाही.

स्क्रीनवर काहीही थेट फवारू नये. किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड पुरते. लॅपटॉप सतत चार्जरला जोडलेला राहत असेल, तर चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवावी. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर तो बॅटरी फुगल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी साफसफाईचा विचार सोडून लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरी न दाबता ती तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावी.

सगळे स्वच्छ करूनही पंख्यातून खरखर येत राहिली, तर दोष धुळीचा नसून झिजलेल्या बेअरिंगचा असण्याची शक्यता अधिक असते आणि तिथे तेल सोडण्यापेक्षा पंखाच बदलणे सोयीचे ठरते.