माडाखाली काय लावाल, ते पहिल्या पावसातच ठरवा

मृगाचा पाऊस झाला की रोपवाटिकेत गर्दी होते आणि माणूस दिसेल ते रोप उचलून आणतो. आगरात मसाला लावायचा असेल तर आधी भर दुपारी माडाखाली उभे राहा. जमिनीवर कवडसे नाचत असतील तर जागा लागवडीजोगी आहे. माड ऐन वयातले, म्हणजे साधारण वीस-पंचवीस वर्षांच्या आतले असतील, तर सावली दाट पडते. तिथे रोपे जगतात, पण धरत नाहीत.

माड 25 फुटांवर (साडेसात मीटर) असतील तर मांडणी सोपी. चार माडांच्या चौफुलीवर जायफळ, दोन माडांच्या मधोमध दालचिनी, माडावर मिरी. कोकण कृषी विद्यापीठाची ‘लाखी बाग’ ती हीच. माडाची कामाची मुळे बुंध्याभोवती दोन मीटरच्या आत असतात, तिथे मिरीखेरीज काही लावू नका.

जायफळात घाई नको. बियांच्या रोपांत नर-मादी फुलावर आल्यावरच कळते, आणि त्याला सहा-सात वर्षे जातात. आमच्या आगरातली पाचपैकी तीन नर निघाली. एवढी वर्षे शिंपणे केले ते पानांसाठी! दहा माद्यांना एक नर पुरतो. म्हणून मादीचे कलमच घ्या, ‘कोकण सुगंधा’ किंवा ‘कोकण स्वाद’. कलमाला बांधलेली काडी उभ्या फांदीची आहे ना, ते विचारा. आडव्या फांदीचे कलम झाडासारखे उंच न वाढता पसरते. मात्र मे महिन्यापर्यंत विहिरीला पाणी टिकत नसेल तर जायफळाच्या वाटेला जाऊ नका.

मिरी माडाच्या उत्तरेला, बुंध्यापासून हातभर तरी लांब लावा. यंत्राने चढून नारळ पाडत असाल तर त्या माडांवर वेल नकोच, यंत्राला बुंधा मोकळा लागतो.

वेलाच्या बुडाशी पाणी तुंबले की मर, म्हणजे वेल सुकवणारा बुरशीचा रोग, आलीच. आधी चर काढा, मग 1 टक्का बोर्डो मिश्रण बुडाशी ओता: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत भिजवा आणि मिसळल्यावर त्यात घासलेला विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.