नैराश्यावर चिनी वनौषधी घेण्याचा विचार असेल तर काय करावे

नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या की काही दिवसांतच घरातले कोणीतरी ‘याला काही झाडपाल्याचे औषध नाही का?’ असे विचारते, आणि हल्ली या प्रश्नापाठोपाठ ऑनलाइन मागवलेली एखादी चिनी औषधाची बाटली घरात येते. असे विचारणाऱ्याला हिणवू नये, कारण त्यामागे आपल्या माणसाची काळजीच असते; मात्र बाटली उघडण्यापूर्वी काही कामे उरकावी लागतात.

पहिले काम निदानाचे. उदासी, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे हे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. खर्चाची अडचण असल्यास पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जावे. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या तपासण्यांबद्दल तेथे आवर्जून विचारावे, कारण या दोहोंच्या कमतरतेची लक्षणे नैराश्यासारखी दिसू शकतात आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे नवीन नाही. जीव देण्याचे विचार येत असतील तर वनौषधींचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

त्यानंतर हे औषध नेमके कशावर दिले जाते ते समजून घ्यावे. चिनी वैद्यकात अशा अवस्थेला ‘यू’ म्हणजे कोंडणे असे म्हणतात, आणि यकृताशी जोडलेली ‘ची’ ही प्राणशक्ती अडून राहिल्याने मन कोंडते अशी त्यामागची कल्पना आहे. हे ‘यकृत’ म्हणजे आपल्या रक्ततपासणीतले यकृत नव्हे, त्यामुळे अहवालाशी त्याचा ताळा जुळवत बसू नये. या अवस्थेवर पुष्कळ वापरला जाणारा एक योग, म्हणजे ठरलेले औषधमिश्रण, आहे ‘शियाओ याओ सान’. चीनच्या जुन्या सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहात तो नोंदलेला आहे, आणि त्यात चाय हू, दांग ग्वे व बाई झू या चिनी वनस्पती, पांढऱ्या पिओनी या फुलझाडाचे मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी फू लिंग ही बुरशी व ज्येष्ठमध असून जोडीला थोडे आले आणि पुदिन्याच्या जातीची पाने असतात. चिनी वैद्य नाडी आणि जीभ पाहून यातले प्रमाण माणसागणिक बदलतो. तयार बाटलीत ती सोय नसते, ही मला तिची मोठी उणीव वाटते.

गुण येतो का, याचे प्रामाणिक उत्तर असे, की चीनमध्ये यावर पुष्कळ चाचण्या झाल्या आणि नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने हा योग दिल्यावर अधिक सुधारणा झाल्याचे त्यांपैकी अनेकांत दिसले. पण त्यांतल्या बऱ्याच चाचण्या लहान, अल्पकाळाच्या आणि सदोष रचनेच्या आहेत. त्यामुळे पूरक म्हणून विचार करता येईल, चालू गोळ्यांच्या जागी मुळीच नाही. त्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्या एकदम बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता व आजार उलटण्याचा धोका असतो.

खरी दक्षता घटकांबाबत घ्यावी लागते. बाटलीवर प्रत्येक वनस्पतीचे लॅटिन नाव आणि प्रमाण छापलेले नसेल तर ती परत करावी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच वनस्पती आली, आणि तिच्यातील अॅरिस्टोलोकिक आम्लामुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. ज्येष्ठमध आपल्या ओळखीचा असल्याने निरुपद्रवी वाटतो, परंतु रोज अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णाने हे विशेष ध्यानात ठेवावे. दांग ग्वेमुळे वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याला रक्तस्रावाचा धोका वाढतो. सेंट जॉन्स वॉर्ट ही मूळची युरोपीय वनस्पती असली तरी अशा मिश्रणांत ती आहे का ते पाहावे, कारण सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रॅम या नैराश्यावरच्या गोळ्यांसोबत ती घेतल्यास सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचा अतिरेक होऊन जिवावर बेतू शकते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही तिच्यामुळे कमी होतो. गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांनी हा प्रयोग करू नये. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून ‘त्याच्यासारखे’ काही आणून घरी काढा करणे तर टाळावेच, कारण एक मूळ बदलले तरी तो नवा आणि कोणीही न तपासलेला योग ठरतो. आयुष मंत्रालयाच्या कक्षेतील पद्धतींत चिनी वैद्यकाचा समावेश नसल्यामुळे, चिनी औषधे देणारी व्यक्ती कोठे आणि किती वर्षे शिकली हे विचारताना संकोच करू नये.

एवढे पाहूनही घ्यायचे ठरल्यास बाटली घेऊन आपल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे आणि त्यांची संमती मिळाल्यावरच सुरुवात करावी. आधी यकृत, मूत्रपिंड व पोटॅशियमची तपासणी आणि रक्तदाबाची नोंद करावी, आणि त्या पुन्हा कधी करायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. त्या काळात दुसरे कोणतेही नवे औषध सुरू करू नये, आणि झोप, भूक व मनःस्थिती रोज वहीत दोन ओळींत टिपावी. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगावर पुरळ किंवा पायांना सूज येणे यांपैकी काहीही आढळल्यास वनौषधी त्याच दिवशी थांबवावी, मूळ गोळ्या मात्र डॉक्टरांशी बोलेपर्यंत चालू ठेवाव्यात, आणि बाटली फेकून न देता सोबत दवाखान्यात न्यावी.