धोरणाचा मसुदा स्टोअर्सच्या खिडकीतून कसा वाचावा

माझी भाची मुंबईतल्या एका खाजगी विनाअनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. संशोधन आणि नवोन्मेष धोरणाच्या एका मसुद्यावर सूचना लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं. फोन करून म्हणाली, "मावशी, साठेक पानं आहेत गं, सुरुवात कुठून करू?" मी शास्त्रज्ञ नाही. एका संशोधन संस्थेच्या खरेदी विभागात ३१ वर्षं काढली, रोज मुलुंडहून लोकलनं. तिला जे सांगितलं ते इथे लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

पहिली चार पानं सोडून द्यायची. तिथे 'ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था' दर परिच्छेदाला येते आणि कुणाच्याच खिशातून रुपया जात नाही. आकडे सुरू होतात तिथे पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक आकड्याशेजारी लिहा: पैसा कुणाचा, कोणत्या सालापर्यंत, आणि नाही आला तर पुढे काय. केंद्राच्या २००३च्या विज्ञान धोरणात दहाव्या पंचवार्षिक योजनेअखेर संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या किमान २ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. २०१३च्या धोरणात पुन्हा तेच २ टक्के, या दशकात. २०२०-२१ साली आपण ०.६४ टक्क्यांवर होतो. दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या आसपास आहे म्हणून सुस्कारे टाकतात, पण तिथला तीन चतुर्थांशाहून जास्त खर्च कंपन्या करतात, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे खाजगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या घरात. संशोधनाला पैसा पुरवणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन २०२३च्या कायद्यानं आलं तेव्हा पाच वर्षांत ५०,००० कोटी असं सांगितलं गेलं. त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा होता. कोण देणार, का देणार? हे विचारायला पीएच.डी. लागत नाही. वाणसामानाचा हिशेब ठेवणाऱ्या कुणालाही ते सुचतं.

मग क्रियापदं. 'प्रोत्साहन देण्यात येईल', 'चालना देण्यात येईल', 'विचार केला जाईल' यांच्याखाली रेघ मारा. आमच्याकडे फायलीवर 'विचाराधीन' असा शेरा आला की ती कपाटात जायची.

आता खरेदी. मसुद्यात यावर पाऊण परिच्छेद असेल. तुम्ही मात्र निम्मा वेळ इथेच घालवा.

एकदा आमच्याकडच्या एका संशोधक मुलीचं एन्झाइम परदेशातून सहार विमानतळाच्या कार्गोत येऊन पडलं, कोरड्या बर्फात पॅक केलेलं. माल संशोधनासाठीच आहे, असं संस्थाप्रमुखांच्या सहीचं प्रमाणपत्र दिलं की सीमाशुल्कात सवलत मिळते. साहेब दौऱ्यावर. सहीचा अधिकार दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. ती मुलगी रोज जेवणाच्या सुट्टीत खिडकीपाशी यायची, काही विचारायची नाही, नुसती बघायची. नवव्या दिवशी पार्सल आलं. खोका उचलला आणि हातालाच कळलं, हलका लागतोय. कोरडा बर्फ वितळून पाणी होत नाही, उडून जातो. थर्माकोल आतून कोरडाठाक होता आणि कुपी कोमट. तिनं ती ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली, परत खोक्यात ठेवली आणि नवा इंडेंट फॉर्म, म्हणजे मागणीचा कागद, मागितला. पुन्हा तीन कोटेशनं, पुन्हा टिपणी. कुपीची किंमत रजिस्टरात चढली. तिचे चार महिने चढवायला रकाना नव्हता. विमानतळाची यात काही चूक नव्हती, आमचीच होती.

म्हणून अभिप्रायात 'प्रशासकीय अडथळे दूर करावेत' असं कधी लिहू नका. 'संस्थाप्रमुख गैरहजर असताना हे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला असावा' असं लिहा. असं नेमकं मागितलं तर मिळतंही. जून २०२५मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांना कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेर खरेदी करायची मुभा संस्थाप्रमुखांना दिली. एल-वनचा, म्हणजे सगळ्यात स्वस्ताचा, नियमही असाच तपासा. एल-वननं घेतलेल्या पिपेट टिप्स, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या नळीची टोकं, आमच्याकडे गळायच्या. शिव्या मी खायची.

मसुद्यात शेवटचं शोधायचं ते गिऱ्हाईक. प्रयोगशाळेत तयार झालेली वस्तू पहिल्यांदा विकत कोण घेणार? १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लस शोधणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. (कारकुनाची नोंद राहिली, याचा मला फार आनंद आहे.) १० जानेवारी १८९७ला त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार असलेल्या कैद्यांना. १८९९मध्ये परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस त्यांच्या प्रयोगशाळेला मिळालं. म्हणजे सरकारनं जागा दिली आणि माल वापरलाही. बहुतेक मसुद्यांत पहिली गोष्ट असते, दुसरी नसते.

माटुंग्याचं यूडीसीटी, आताचं आयसीटी, हे रासायनिक तंत्रज्ञानाचं कॉलेज १९३३ साली मुंबई विद्यापीठानं काढलं ते कापडाचं रसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग शिकवायला, कारण आजूबाजूला गिऱ्हाईक होतं, गिरण्या होत्या. तेव्हा बघा, मास्तरांना कारखान्याचं सल्ल्याचं काम घेता येईल का, आणि फीचे वाटे कसे, हे मसुद्यात आहे का. नसेल तर सूचना क्रमांक दोन तयार झाली.

भाचीची स्वतःची सूचना तर तयारच होती, तिच्या लक्षात नव्हतं. केंद्राच्या विज्ञान धोरणाच्या २०२०च्या मसुद्यात 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन'ची, म्हणजे संशोधन नियतकालिकांची सगळ्या देशासाठी एकच वर्गणी भरायची, कल्पना होती. नोव्हेंबर २०२४मध्ये ती ६,००० कोटींसह मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२५पासून सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. पण सरकारी संस्थांना. तिच्या कॉलेजला नाही. आजही एखादा पेपर हवा तर ती आयआयटीतल्या मैत्रिणीला मेसेज करते.

लिहिताना एक पान पुरे. परिच्छेद क्रमांक, सध्याचं वाक्य, तुम्हाला हवं ते वाक्य, आणि तुमच्याच वहीतला एक पुरावा: कोणती वस्तू, किती दिवस, किती रुपये. दोन सूचना पाठवा, वीस नकोत. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळची वाट पाहू नका, तेव्हा वेबसाइट अडकते. आणि प्रत ठेवा, जावक क्रमांक घालून. पुढचा मसुदा आला की तीच काढून, तारीख बदलून पाठवता येते.