'टू हूम' की नुसतं 'टू'? औपचारिक इंग्रजीत प्रिपोझिशन कुठे ठेवायचं

भाच्याने परदेशातल्या विद्यापीठासाठी लिहिलेला अर्ज मला तपासायला दिला. तिसऱ्याच ओळीत होतं, 'द प्रोजेक्ट इन विच आय वर्क्ड इन'. एक 'इन' पुढे, एक मागे, आणि खरं तर दोन्ही चुकीचे.

प्रिपोझिशनची जागा आपल्याला अवघड जायला नको. 'ज्या अधिकाऱ्याकडे मी अर्ज दिला' म्हणताना 'कडे' अधिकाऱ्यालाच चिकटतं, वाक्याच्या शेपटाला लोंबकळत राहत नाही. औपचारिक इंग्रजीतही तसंच होतं: 'द ऑफिसर टू हूम आय सबमिटेड द फॉर्म'. बोलताना 'द ऑफिसर आय सबमिटेड द फॉर्म टू' सर्रास चालतं आणि ते चूकही नाही. प्रिपोझिशन शेवटी आलं म्हणून नाक मुरडायची सवय जुनी आहे. इंग्रज कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनची एक ओळ त्यावरून धरली आणि पुढे स्वतःचं जुनं लिखाणही दुरुस्त केलं! तेवढं सोवळं पाळायची गरज नाही, पण अर्ज, अहवाल, करारनामा यांत ते पुढे असलेलं शोभतं.

आता करायचं काय? वाक्य फोडायचं. 'आय वर्क्ड ऑन द प्रोजेक्ट' असं साधं वाक्य वेगळं लिहा. क्रियापदाबरोबर 'ऑन' येतं हे तिथे दिसतं. मग 'द प्रोजेक्ट'च्या जागी 'विच' घाला आणि 'ऑन विच' ही जोडी उचलून पुढे न्या: 'द प्रोजेक्ट ऑन विच आय वर्क्ड'. नेल्यावर मागची जागा रिकामी झाली ना, ते पाहा. भाच्याची पहिली चूक तिथलीच होती.

दुसरी चूक जास्त चिवट आहे, कारण ती मराठीतून येते. 'प्रोजेक्टमध्ये काम केलं' हे डोक्यात असतं, म्हणून हात 'इन'कडे जातो. जागा मराठीसारखी असली तरी शब्द मराठीवरून ठरत नाही, तो इंग्रजी क्रियापद ठरवतं. कधी कधी तर शब्द लागतच नाही. 'ज्या मुद्द्यांवर चर्चा झाली' यावरून 'द पॉइंट्स अबाउट विच वी डिस्कस्ड' लिहिलं की फसलात. 'डिस्कस'ला प्रिपोझिशन नको. 'द पॉइंट्स विच वी डिस्कस्ड' पुरे. तसंच 'ज्या मुलीशी त्याने लग्न केलं' म्हणजे 'द गर्ल हूम ही मॅरीड'. 'विथ हूम' नाही. शंका आली तर क्रियापद शब्दकोशात पाहा.

प्रिपोझिशन पुढे नेलं की माणसासाठी 'हूम', वस्तूसाठी 'विच'. तिथे 'हू' चालत नाही आणि 'दॅट' तर अजिबात नाही: 'द हाउस इन दॅट आय लिव्ह' हे इंग्रजीच नव्हे. सर्वनाम गाळताही येत नाही. 'द पर्सन आय स्पोक टू' ठीक, पण 'द पर्सन टू आय स्पोक' लंगडं. 'हूज' मात्र चालतं: 'द मॅनेजर विथ हूज परमिशन आय लेफ्ट'.

काही जोड्या फोडायच्याच नाहीत. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, तिथे 'आफ्टर' क्रियापदाचाच तुकडा आहे. 'द पेशंट आफ्टर हूम शी लुक्स' वाचून इंग्रजी येणारा माणूस हसेल. 'द पेशंट हूम शी लुक्स आफ्टर' असंच राहू द्या. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, त्यालाही हात लावू नका.

संख्या सांगताना हीच रचना फार कामाची: 'वी इंटरव्ह्यूड फाइव्ह कँडिडेट्स, टू ऑफ हूम वेअर सिलेक्टेड'. इथे स्वल्पविराम हवाच, आणि 'टू ऑफ देम' लिहिलं तर स्वल्पविरामाने दोन स्वतंत्र वाक्यं जोडल्यासारखी होतात.

आणि 'द कमिटी, टू द चेअरमन ऑफ विच आय रोट' असलं काही कागदावर उतरलं, तर व्याकरण बरोबर असलं तरी सरळ दोन वाक्यं करा.