सावली नीट पडली की पान खरं वाटतं

डिजिटल स्क्रॅपबुकचं, म्हणजे संगणकावर फोटो आणि सजावट मांडून केलेल्या आठवणींच्या वहीचं पान सपाट दिसत असेल तर दोष बहुतेक वेळा फोटोचा नसतो, सावलीचा असतो. फोटो, रिबन, बटण सगळ्यांना एकच ड्रॉप शॅडो (सॉफ्टवेअरने वस्तूमागे टाकलेली तयार सावली) देऊन मोकळं होऊ नका. कागदाला चिकटलेल्या फोटोची सावली अगदी जवळ आणि बारीक पडते. बटण जाड, म्हणून त्याची थोडी लांब आणि मऊ. प्रकाशाचा कोन मात्र सगळीकडे एकच ठेवा. एकाची सावली उजवीकडे आणि शेजारच्याची डावीकडे, हे डोळ्याला लगेच खटकतं. सावली ठार काळी नको. पानाच्याच रंगाची गडद छटा घ्या आणि ब्लेंड मोड (वरचा थर खालच्या रंगात कसा मिसळतो ते) ‘मल्टिप्लाय’ ठेवा, म्हणजे खालचा रंग फक्त गडद होतो.

फोटोची कड कापताना इरेझरचा मोह होतो. मीही तेच करायचे, आणि एकदा आजीचा अर्धा कान पुसून फाइल सेव्ह करून बसले! तेव्हापासून फक्त लेयर मास्क, म्हणजे फोटोचा भाग न पुसता झाकणारा पडदा: काळ्या ब्रशने लपवा, पांढऱ्याने परत आणा, मूळ फोटो शाबूत.

छापायचं असेल तर १२ इंची चौरस पान सुरुवातीलाच ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं घ्या, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल. लहान पान नंतर ताणलं की फोटो फाटतात, म्हणजे धूसर आणि चौकोनी ठिपक्यांचे दिसतात.