रंगाआधी भिंतीवर किती मेहनत घ्यायची?

रंगारी पहिल्याच भेटीत सांगतो, "सगळं खरवडून दोन हात पुट्टी मारू." (हात म्हणजे थर, पुट्टी म्हणजे भिंत गुळगुळीत करणारा लेप.) कधी हे बरोबर असतं, कधी खिशाला उगाच कात्री लागते. कोणत्या भिंतीला किती तयारी लागेल, हे अर्ध्या तासात घरच्या घरी तपासता येतं.

कोरडा तळवा भिंतीवर घासा. पांढरी भुकटी हाताला लागली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर (चुन्यासारखा स्वस्त रंग) आहे. मग ब्लेडने बारीक फुली मारा, तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीसोबत पापुद्रे आले तर त्या थरावर नवं काही टिकणार नाही. शेवटी रात्री दिवा बंद करून टॉर्च भिंतीला टेकवा आणि आडवा उजेड पाडा. दिवसा न दिसणारे खड्डे आणि पत्र्याचे (पुट्टी पसरवायच्या पातीचे) ओरखडे तेव्हा दिसतात.

हात स्वच्छ राहिला, पापुद्रे आले नाहीत, म्हणजे जुनं इमल्शन (पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग) घट्ट आहे. इथे पूर्ण पुट्टी नको. भिंत साबणाच्या पाण्याने पुसा (स्वयंपाकघरात धुण्याच्या सोड्याने, नाहीतर तेलकट थरावर रंग धरत नाही, नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसा), खिळ्यांची भोकं बुजवा, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, दोन हात रंग मारा. भोकं बुजवायला ॲक्रिलिक पुट्टी घ्या. सिमेंटची पुट्टी गुळगुळीत इमल्शनला नीट चिकटत नाही. बुजवलेल्या जागी प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) हात हवाच, नाहीतर तिथला भाग रंग जास्त शोषतो आणि कितीही हात मारले तरी ठिपका वेगळा दिसतो.

भुकटी आली तर मात्र आळस नको. चुन्यावर मारलेली पुट्टी भिंतीला नाही, चुन्याला चिकटते, आणि वर्षा-दोन वर्षांत चुन्यासकट पापुद्र्यासारखी सुटते. भिंत पाण्याने भिजवा, थर मऊ झाला की पत्र्याने खरवडा, उरलेलं तारेच्या ब्रशने काढा. प्लास्टर उघडं पडलं की ते किंचित ओलं करून सिमेंट पुट्टीचे दोन पातळ हात द्या. दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. मोठा खड्डा पुट्टीने भरला तर तडकतो, तिथे आधी प्लास्टरचा हात द्या. एका वेळी दोन तासांत संपेल एवढीच पुट्टी कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घातलं की तिचा जोर जातो.

१० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली घ्या. दारं-खिडक्या वगळून भिंती साधारण ४०० चौरस फूट, छत १२०. एवढ्याला ४० किलोची एक गोणी पुट्टी, ५ लिटर प्रायमर आणि दोन हातांसाठी ८ लिटर इमल्शन धरा.

खरी फसगत ओलीमुळे होते. मुंबई-कोकणात पावसाळा संपला की दिवाळीआधी रंगाची घाई सुटते, पण तेव्हा बाहेरच्या बाजूच्या भिंती आतून ओल्या असू शकतात. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा. भिंतीत ओल असताना रंग दिला तर आतलं पाणी बाहेर पडताना क्षार आणतं, फुगे येतात आणि पुट्टी पीठ होऊन गळते. यावर महागडा प्रायमर हा उपाय नाही. गळका पाइप, बाथरूमचे सांधे किंवा बाहेरची भेग आधी दुरुस्त करा, भिंत वाळू द्या. सणाला रंग हवाच असेल तर ती एक भिंत सोडून बाकीच्या रंगवा आणि तिला मार्चपर्यंत थांबवा.

केसाएवढ्या भेगा थेट पुट्टीने बुजतात. विटांची भिंत आणि काँक्रीटचा खांब जिथे जुळतात तिथली सरळ भेग मात्र पुन्हा फुटते. ती पत्र्याच्या टोकाने इंग्रजी व्ही आकारात थोडी रुंद करून क्रॅक फिलर भरा, वर जाळीची टेप लावून मग पुट्टी द्या.

रंग कोणता यावरही मेहनत ठरते. मॅट रंग बारीक उणिवा झाकतो, चकचकीत रंग प्रत्येक ओरखडा दाखवतो. चमकदार इमल्शन हवं असेल तर शेवटची घासाई ३२० नंबरच्या पेपरने करा. माळ्याखालच्या भिंतीवर एवढा वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटबाबत एक दक्षता. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ते कोरडे घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरने (ओला वापरता येणारा पॉलिश पेपर) घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना खोलीबाहेर ठेवा आणि खाली अंथरलेल्या कागदासकट सगळा चिखल गुंडाळून टाका.